चूल न नेता केलेली सहल

समुद्राकाठी चार दिवस राहायचं आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या ताकापर्यंत सगळं एकाच भाड्यात, अशा जागा आता आपल्याकडेही निघाल्या आहेत. कुणाला कुठली परवडेल आणि कुणाला कुठली मानवेल, असं विचारणाऱ्या बायका मला रोज भेटतात. मी पाचवीत शाळा सोडलेली बाई, लिहिण्याची मला सवय नाही. पण तीन जागा डोळ्यांनी बघून आले आहे, तिथलं अन्न जिभेवर ठेवून आले आहे, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगते, ही सहल मी मजेत केली नाही. जाताना भीत गेले आणि येताना त्याहून जास्त भीत आले. अस्वला-गव्यांची भीती होतीच, पण ती धाकटी. थोरली वेगळी होती.

ती समजायला माझं काम सांगायला हवं. बेळगावात शैलाताई घराच्या सोप्यात टेबल टाकून सहलींची कंपनी चालवतात. त्यांच्या बसच्या टपावर शेगड्या, पातेली, पोळपाट आणि खाली शेवटच्या सीटवर मी, असा आमचा संसार गावोगाव फिरतो. माणसं देऊळ बघून येईपर्यंत मी वरणभात, पोळ्या आणि एक भाजी तयार ठेवते. माझं माहेर खानदेशात, बोदवडकडे. लग्न करून एवढ्या लांब आले. नवरा फौंड्रीत कामाला होता. तो गेला तेव्हा मला इथली धड भाषा येत नव्हती, आणि माहेरी परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताईंनी मला चुलीपुढे बसवलं आणि परसातली खोली दिली. त्या वेळी त्यांनी हात दिला नसता तर, या वाक्याच्या पुढे मी कधी जात नाही.

यंदा उन्हाळ्यात ताई म्हणाल्या, नलू, लोकांना आता पातेली नको झालीत. एका जागी राहायचं, पाण्यात खेळायचं, आयतं जेवायचं, असं म्हणतात. दिवाळीनंतरच्या सहलीला तशी जागा बघू या. तू चल, जेवण कसं आहे ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

मी लगेच हो म्हटलं. ताईंना नाही म्हणायची मला सवय नाही. खोलीत आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिथं माझी गरज पडणार नाही अशी जागा मीच चाखून, पसंत करून द्यायची होती. चूल गेली की खोलीही गेलीच. ताई तसं म्हणाल्या नव्हत्या, म्हणाल्याही नसत्या. पण कामाशिवाय दिलेल्या खोलीत माणूस किती दिवस राहील?

रामनगरपर्यंत

जीप भाड्याची. ड्रायव्हर परशुराम, खानापूरचा, तोंडाने फटकळ आणि हाताने चांगला. निघताना मी सवयीने गुळाची ढेप आणि एक छोटं पातेलं पायाशी ठेवलं. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "अक्का, ही सहल आयतं खायाची हाय न्हवं? का चूल सोडवंना तुमास्नी?"

ताई हसल्या. मीही हसले. हसतच पातेलं सीटखाली सरकवलं.

लोंढ्याच्या पुढे झाडं रस्त्यावर येऊ लागतात. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरचं एक लिंब, दुपारी सगळ्यांनी मिळून वापरायचं. इथे झाडांना कुणी विचारतच नाही. मे महिना, तरी सावली एवढी दाट की मला ऊन हरवल्यासारखं वाटलं. रामनगरला थांबलो. बाजारातली निम्मी माणसं मराठी बोलतात, निम्मी कानडी, आणि खरं तर सगळीच दोन्ही बोलतात. चहावाल्याने एकाच वाक्यात आम्हाला मराठीत बसायला सांगितलं आणि पोऱ्याला कानडीत शिव्या घातल्या. शेजारी एक म्हातारे बसले होते. ताईंनी सहज गाव विचारलं. ते म्हणाले, गाव सुप्याच्या पाण्यात, घर रामनगरात. म्हणजे धरण झालं तेव्हा उठवून इथे आणलेले. त्यांनी ते असं सांगितलं, जसं आपण सांगतो की माहेर अमुक, सासर तमुक.

चहावाल्याच्या बायकोने तांदळाच्या भाकरीबरोबर तांबड्या मुंग्यांची चटणी वाढली. आंबट, झणझणीत. मुंग्यांची आहे हे खाऊन झाल्यावर कळलं. ताई घटाघटा पाणी प्यायल्या. मी मात्र थोडी पानात बांधून घेतली, कारण आंबटपणा कशाने आला ते मला घरी जाऊन समजून घ्यायचं होतं. चव कळली की मला भीती थोडी कमी वाटते. तेवढं एकच औषध माझ्याकडे आहे.

कुळगी

पहिली जागा स्वस्तातली. कुळगीला जंगलखात्याचा तळ आहे, झाडांखाली तंबू, आत खाटा. इथे समुद्र नाही. पण ताईंच्या सहलीत कमी पैशांत यायला बघणारी माणसं, शाळेतल्या शिक्षिकांचे गट असे बरेच असतात, त्यांच्यासाठी बघून ठेवावी म्हणून आलो. जेवण जाड भात आणि पातळ सांबार, मिरची फक्त रंगापुरती. वाढणारा माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, मोठे गट येतात ते आपला आचारी आणतात, मागे ताडपत्री बांधायला जागा आहे.

हे ऐकून मला एवढं बरं वाटलं की लाज वाटली. जेवण बरं नाही याचा कुणाला आनंद होतो?

दिवस मावळायच्या बेतात राखणदार आला आणि सांगून गेला की खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही, अस्वल येतं. मी सगळं आत घेतलं. ताईंच्या चपला घेतल्या, माझी चटणी घेतली, तंबूचा पडदा दोरीने बांधला, वर खाट सरकवून लावली. ताई म्हणाल्या, नलू, अस्वल खाट सरकवणार नाही का? तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही. झाडावर काहीतरी खोकत होतं, माणसासारखं.

सकाळी परशुराम हाका मारत आला. गुळाची ढेप मी जीपच्या मागे विसरले होते. जीपचं कापडी छप्पर फाटलेलं, ढेपेचं नुसतं गोणपाट उरलेलं, आणि मागच्या फळीवर नखांचे ओरखडे. त्या ओरखड्यांवरून बोट फिरवून तो म्हणाला की अक्कांनी पहिलं गिऱ्हाईक जेवू घातलं. छप्पर शिवायचे पैसे ताईंनी दिले आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जोयड्याच्या बाजारात थांबून मी नवी ढेप घेतली. का घेतली, ते मला सांगता येणार नाही. गुळाशिवाय प्रवासाला निघाल्यावर मला अनवाणी निघाल्यासारखं वाटतं.

अणशीचा घाट आणि खाली समुद्र

जोयड्याहून कारवारला जायला अणशीचा घाट उतरावा लागतो. एका वळणावर टायर पंक्चर झालं. परशुराम जॅक लावून खाली बसला आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. तेवढ्यात बांबूच्या बेटातून गवा बाहेर आला. पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय आणि वर काळाभोर डोंगर. आमच्याकडची म्हैस त्याच्या पोटाखालून गेली असती. तो रस्त्यात उभा राहून आमच्याकडे बघू लागला. परशुराम जीपखालून हळूच म्हणाला, हलू नका, त्याचा रस्ता हाय, आपन पाव्हणे. ताईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात पहिल्यांदा धरला आणि तो गार पडला होता. तेव्हा मला कळलं की ताईंनाही भीती वाटते. गवा गेला. हात त्यांनी जरा उशिराने सोडला.

चाक बसवता बसवता ताई मला म्हणाल्या, की मागच्या वर्षी दोन बस रिकाम्या सोडाव्या लागल्या. दुसऱ्या कंपन्या समुद्रावर ठेवतात, लोक तिकडे जातात. मी काही विचारलं नव्हतं. त्या झाडांकडे बघत सांगत होत्या.

समुद्रावरची जागा कारवारजवळ, सुरूच्या बनात. लाल कौलांच्या खोल्या, दारात जास्वंद, पन्नास पावलांवर लाटा. खोलीच्या भाड्यातच दोन वेळचं जेवण, नाश्ता, संध्याकाळची भजी, आणि हवा तेवढा चहा. जेवण एका लांब टेबलावर मांडलेलं, आपणच वाढून घ्यायचं. मी ताट घेऊन उभी राहिले आणि मला कळेना की पहिल्यांदा किती घ्यायचं. माझं आयुष्य वाढण्यात गेलं. एका नव्या नवरीने मला विचारलं, मावशी, ही कसली भाजी? मी सांगितलं, आणि तिला दोन डाव वाढलेही. मग आठवलं, मी इथे पाहुणी आहे.

मी जेवणाची परीक्षा अशी करते: आधी नुसतं वरण, मग मुदपाकखान्यातलं फडकं, आणि शेवटी कामाची माणसं काय जेवतात ते. वरणात हिंग बेताचा होता. फडकं स्वच्छ होतं. मी मागच्या दाराला गेले तर भांडी घासणारी बाई पायरीवर बसून तेच जेवत होती जे आम्ही जेवलो, बांगड्याचं तिखलं आणि भात, वर सोलकढी. तिच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा होता, शेपटीचा नव्हे. तिथे माझी परीक्षा संपली.

मी किनाऱ्यावर जाऊन बसले. समुद्र मी पुष्कळ पाहिला आहे, पण नेहमी पातेल्यांच्या मागून, वाफेतून. त्या दिवशी मध्ये काही नव्हतं. तो एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मला तो आवडला आणि आवडला म्हणून आणखी भीती वाटली. इथे आलेला माणूस माझ्या पिठल्याची आठवण कशाला काढेल?

ताई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, कसं आहे जेवण?

मला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. तेल जास्त आहे, म्हाताऱ्यांना सोसायचं नाही, कालचं आजला वाढतात. ताईंनी ऐकलं असतं. मी म्हटलं, "चांगलं आहे, ताई. माझ्यापेक्षा मासा चांगला करतात. आणि कामाच्या माणसांना पोटभर देतात."

ताईंनी वाळूत बोटाने आकडे मांडले. मग म्हणाल्या की भाडं मात्र जबर आहे, नव्या जोडप्यांना आणि बँकेतल्या लोकांना जमेल, आपल्या निम्म्या माणसांना नाही. पेन्शनवाले, लेकुरवाळे, यांचं काय? त्यांच्यासाठी एक जागा ऐकली आहे, सुप्याच्या पाण्यावर. भाडं याच्या निम्मं, किनारा आहे, लाटा नाहीत, म्हाताऱ्यांना बरं. जाताना बघू आणि ठीक वाटली तर विसार देऊनच टाकू.

सुप्याचं पाणी

घाट चढून आम्ही पुन्हा जोयडा तालुक्यात आलो. धरणाच्या मागचं पाणी डोंगरांच्या कुशीकुशीत शिरून बसलं आहे. रस्त्यावरून कधी दिसतं, कधी नाही, आणि जिथे दिसतं तिथे मधूनच वठलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले असतात, बुडणाऱ्याने हात वर करावा तसे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

जागेचा मालक गोड माणूस होता. पांढरा सदरा, हातात नारळ. चढावर आठ खोल्या, नव्या, चुन्याचा वास अजून गेला नव्हता. आणि खाली खरोखरच किनारा. लालसर वाळू, मऊ, रुंद, मुलांनी दिवसभर पळावं एवढी. पुढे शांत पाणी. मालक म्हणाले, समुद्राचं खारं वारं नको, बुडायची धास्ती नको, वाळूवर शेकोटी, होडीची चक्कर, दोन्ही जेवणं, सगळं भाड्यात. मागच्या दिवाळीत, खोल्या बांधून व्हायच्या आधी, त्यांच्या घरच्या पाहुण्यांनी इथेच शेकोटी केली होती. जेवणही बरं होतं. तळलेला गोड्या पाण्यातला मासा, डाळ, भात. फडकं बेताचं, पण ते सुधारता येतं.

ताईंचा चेहरा उजळला होता. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा. मालकांबरोबर त्या व्हरांड्यात हिशेबाला बसल्या आणि मी हात धुवायच्या निमित्ताने खाली वाळूवर आले. मनात म्हणत होते, झालं, ही जागा समुद्राचंही काम करते आणि कुळगीचंही, आता मी मोकळी. मोकळी हा शब्द एवढा जड असतो हे मला ठाऊक नव्हतं.

वाळूच्या एका टोकाला धूर दिसला. जवळ गेले तर एक म्हातारी, काष्ट्याचं लुगडं, आणि तिची सून. वाळूत अर्धे बुडालेले तीन दगड, त्यांच्यात जाळ, वर पितळी पातेलं. त्यात तांदूळ शिजत होता, नारळाच्या दुधात. मला वाटलं सहलीला आल्या आहेत. मी विचारलं, रान आहे, सावली आहे, मग उन्हात का चूल मांडलीत?

म्हातारी म्हणाली, "मांडली न्हाई, बाई. हीच आमची चूल हुती. ह्ये आमचं घर."

मग तिने हात करून मला घर दाखवलं. इथे माजघर. तिकडे न्हाणी. त्या वठलेल्या झाडाखाली गोठा. मी माजघरात चपला घालून उभी होते. गुपचूप काढल्या.

तिचं नाव गंगाक्का. धरण झालं तेव्हा गावासकट रामनगरला गेलेली. पाणी उतरलं की उन्हाळ्यात एकदा त्या येतात, दगड शोधतात, जाळ करतात, गुळाची खीर शिजवून आपल्या जुन्या देवाच्या दिशेला दाखवतात, तिथेच खातात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. यंदा गूळ कमी पडला होता. सून म्हणाली, अत्तीला, म्हणजे सासूला, सांगितलं होतं जास्ती घ्या म्हणून. गंगाक्का म्हणाली, तुझ्या घरच्यांनी दिला असता तर कमी पडला नसता. सून हसली आणि जाळ सारत राहिली. मी धावत जीपकडे गेले आणि अर्धी ढेप फोडून आणली. कधी नव्हे ते माझ्या गुळाचं काम पडलं होतं.

गूळ विरघळत असताना मी सहज विचारलं की दिवाळीत येत नाही का, तेव्हा हवा छान असते.

"दिवाळीला?" गंगाक्काने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खुळीच आहे. "धरण भरलं तर दिवाळीला हितं होडी फिरतीया. गेल्या साली पाऊस न्हवता म्हनून वाळू ऱ्हायली. बघ की, त्या झाडाचा रंग."

मी पाहिलं. वठलेल्या झाडाचं खोड माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पांढुरकं होतं, आणि त्याच्याही वर काळं. जिथे रंग बदलत होता तिथपर्यंत पाणी येऊन गेलं होतं. खोल्या सुरक्षित होत्या, चढावर. किनारा तेव्हा उरणार नव्हता. दिवाळीच्या सहलीला आलेल्या पेन्शनवाल्यांना आणि पोरांना पायरी उतरली की सरळ खोल पाणी, आणि त्या पाण्याखाली झाडांचे सुळके.

आता माझी खरी भीती सुरू झाली. सांगितलं नाही, तर त्या सहलीत काय होईल याचा विचार करवत नव्हता. सांगितलं, तर ताई काय समजतील हे मला लख्ख दिसत होतं. चूल वाचवायला बाई खोड काढतेय. तीन जागांतली एकच जागा माझं काम पुरतं संपवणारी, आणि नेमकी तिलाच मी नाव ठेवणार. पुरावा काय, तर एक म्हातारी आणि एक झाड. ती तरी खात्रीचं कुठे म्हणत होती? धरण भरलं तर, म्हणाली होती. मागच्या वर्षी वाळू राहिली होतीच. यंदाही राहिली तर मी खोटी पडणार.

मी चढ चढून आले. वर ताईंनी पर्स उघडली होती.

मी म्हटलं, ताई, विसार देऊ नका. आणि एका दमात सगळं सांगितलं, चूल, झाड, होडी. शब्द मागेपुढे झाले. मी ताईंकडे बघतही नव्हते, व्हरांड्याच्या फरशीकडे बघत होते.

मालक रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "बाई, तुमचा ड्रायव्हर सांगत होता, तुमची चूल जाणार म्हणून. माणसाला आपल्या पोटाचं वाटणारच. चालायचंच."

हेच. ज्याला मी बेळगावपासून भीत होते ते असं उजेडात, सगळ्यांसमोर, गोड आवाजात बोललं गेलं. जीपपाशी परशुराम खाली मान घालून उभा होता.   मला माझ्या पोटाचं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

ताईंनी पर्स मिटली नाही, पैसेही काढले नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मालकांना म्हणाल्या, "काल समुद्रावर हिने मला सांगितलं, जेवण माझ्यापेक्षा चांगलं आहे. चूल तेव्हाही जातच होती." आणि मला म्हणाल्या, "चल, दाखव."

ताई खाली आल्या. वाळूवर पोचल्यावर त्यांनीही चपला काढल्या, मी न सांगता. गंगाक्काने त्यांना माजघरात बसवलं, म्हणजे वाळूवर, आणि फणसाच्या पानांवर खीर वाढली. ताईंनी झाडाचा रंग बघितला, पाण्याकडे बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि मग नुसती खीर खाल्ली. माझा गूळ त्यात जरा जास्तच झाला होता. 

निघताना सुनेने पातेलं धुतलं, सामान बांधलं. जाळ तसाच होता. मी सवयीने पाण्याचा तांब्या उचलला. जाळ विझवल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. गंगाक्काने माझा हात धरला.

"न्हाई, बाई. ही चूल आमी आपल्या हातानं इजवत न्हाई. पाणी येतंय की, त्येच इजवतंय."

मी तांब्या खाली ठेवला.

परत

 मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. परशुरामने मध्येच गाडी थांबवून मला फणसाचे गरे आणून दिले आणि म्हणाला, अक्का, माझं तोंड लई वाईट. मी म्हटलं, तोंड वाईट आहे, गाडी चांगली चालवता.

रामनगरच्या त्याच चहाच्या दुकानात ताईंनी विसाराचे न दिलेले पैसे पर्समधून काढून हिशेब मांडला. दिवाळीनंतर नव्या जोडप्यांची आणि ज्यांना परवडतं त्यांची सहल समुद्रावर. तिथे चूल नाही. हे त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, फिरवून नाही. लेकुरवाळ्यांची आणि पेन्शनवाल्यांची सहल नाताळात, कुळगीला, आपल्या ताडपत्रीखाली, आपल्या पातेल्यांनी. "आणि गूळ आत ठेवायचा," म्हणाल्या.

म्हणजे निम्मी चूल राहिली. पुढच्या वर्षी राहील का, मला माहीत नाही. ताईंनाही माहीत नसावं. लोक समुद्राकडे चालले आहेत, आणि तो समुद्र मी पाहिला आहे, त्यांना दोष देता येत नाही. भीती गेली असं मी लिहिणार नाही. पण परसातल्या खोलीत आल्यावर मी पहिल्यांदा पिशवीतली मुंग्यांची चटणी काढली, चाखली आणि आंबटपणा कशाचा ते मला कळलं. तो मुंग्यांचाच आहे, दुसरं काही घातलेलं नाही.

तेव्हा, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. हातात पैसा खेळत असेल आणि चार दिवस स्वयंपाकघराचा वास नको असेल, तर घाट उतरून समुद्रावर जा. बांगडा मागून घ्या. पैसा बेताचा असेल आणि झाडावर काही खोकलं तर पांघरूण डोक्यावर घेऊन निजता येत असेल, तर कुळगीला या, मी असेन. आणि सुप्याच्या पाण्यावर जायचंच असेल, तर मे महिन्यात जा. वाळूत चालताना खाली बघून चाला. तीन दगड दिसले आणि त्यांत राख असली, तर चपला काढा आणि बाजूने जा. तिच्यावर पाणी ओतू नका. ते काम आपलं नाही.